एक घर मागे : चाळीच्या स्मरणरंजनाचा इतिहास

'नॉस्टॅल्जिया' या शब्दाला मराठीत 'स्मरणरंजन' असा पर्याय रूढ झाला आहे. परंतु या दोन शब्दांचे स्वभाव भिन्न आहेत. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी हा शब्द घडवला, तेव्हा तो एका रोगाचे नाव होता. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने परमुलखात झुरणाऱ्या स्विस माणसांच्या आजाराला नाव दिले. आपल्या पर्यायी शब्दात मात्र वेदना गळून पडली आणि तिच्या जागी रंजन आले. हा केवळ भाषांतराचा योगायोग नसावा. मुंबईच्या मराठी माणसाने आपल्या भूतकाळाशी, विशेषतः चाळीतल्या कुटुंबजीवनाशी, जे नाते जोडले ते पाहिले म्हणजे या शब्दाची निवड किती नेमकी होती, असे वाटू लागते.

चाळीच्या आठवणींचे चित्र आता जवळजवळ ठरून गेले आहे. लांब गॅलरी, दिवसभर उघडी दारे, एका घरातला रेडिओ आणि तो ऐकणारी चार घरे, 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, दिवाळीला रुमालाखाली झाकून इकडून तिकडे जाणारी फराळाची ताटे, गणपतीतली नाटके, उन्हाळ्यात गच्चीवर पडणारी अंथरुणे, आणि कोणाचे मूल कोणाकडे जेवले याचा हिशेब न ठेवणाऱ्या आया. दिवाळी अंकांतले लेख, मालिका, एकपात्री प्रयोग, निरोपसमारंभांतली भाषणे अशा सर्व ठिकाणी हेच चित्र थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न साधा आहे : हे नेमके केव्हाचे? कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे? आणि कोणाच्या घरचे?

चाळ ही वास्तू कुटुंबासाठी जन्माला आली नव्हती. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या, त्यांना हात हवे होते, आणि त्या हातांना रात्री अंग टेकायला जागा हवी होती. १८९६च्या प्लेगने या दाट वस्त्यांची भीषणता चव्हाट्यावर आणली. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, १९२०मध्ये सरकारचे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले, आणि त्यातून वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ इमारती उभ्या राहिल्या. 'बीडीडी चाळ' हे नाव याच खात्याचे. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास सामाईक. १९२१च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या. म्हणजे ज्या काळाला आपण 'जुन्या कुटुंबपद्धतीचा' काळ समजतो, त्या काळात या शहरातल्या निम्म्याच्या आसपास पुरुषांचे कुटुंब शहरात नव्हतेच. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गाववाले, खाणावळीतले जेवण, गोव्याच्या खलाशांची 'कूड', गावोगावच्या मंडळांच्या खोल्या हे त्या मुंबईचे खरे गृहजीवन होते.

त्या माणसांच्या भाषेतच याची साक्ष सापडते. कोकणातला चाकरमानी 'घर' हा शब्द गावच्या घरासाठी राखून ठेवी. मुंबईत असे ती 'खोली' किंवा 'बिऱ्हाड'. बिऱ्हाड म्हणजे पाठीवर घेता येईल, उद्या हलवता येईल असा संसार. शिमग्याला, गणपतीला आगबोटीने किंवा एस.टी.ने तो निघे तेव्हा तो 'घरी' जात असे. चाळीत राहणाऱ्या माणसाचे स्मरणरंजन चाळीचे नव्हते, गावाचे होते. श्री. ना. पेंडसे यांच्यासारखा मुंबईत नोकरी करणारा कादंबरीकार १९५२मध्ये 'गारंबीचा बापू' लिहितो आणि शहरातला वाचक दापोलीच्या किनाऱ्यावरचे ते गाव आपलेसे करतो, यामागे हेही एक कारण असावे. ज्या गॅलरीसाठी आज आपण हळहळतो, त्याच गॅलरीत उभे राहून आपले आजोबा पडवीसाठी हळहळत होते.

मग चाळीत कुटुंब केव्हा स्थिरावले? याचे उत्तर भावनेच्या नव्हे, तर कायद्याच्या इतिहासात आहे. महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर मुंबईत घरांची अभूतपूर्व टंचाई झाली. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड करून ठेवले. एवढेच नव्हे, तर भाडेकरूच्या पश्चात त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे तो हक्क जाण्याची सोयही त्यात होती. तात्पुरती व्यवस्था म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक टिकला. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला तो २०००मध्ये. परिणाम असा झाला, की बिऱ्हाड हलेनासे झाले. दोन-तीन पिढ्या त्याच खोलीत, त्याच शेजाऱ्यांच्या सोबतीने राहू लागल्या. १९६१पर्यंत दर हजार पुरुषांमागील स्त्रियांची संख्या साडेसहाशेच्या पुढे गेली. शेजारी जन्मभर शेजारीच राहणार, ही खात्री असल्याशिवाय उसनी वाटी साखर हा व्यवहार रुजत नाही. चाळीचा जिव्हाळा हा त्या माणसांच्या थोर मनाचा पुरावा आहे की गोठलेल्या भाड्याचा, असा प्रश्न विचारणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. पण तो विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. भाडे गोठले तशी मालकाची दुरुस्तीची इच्छाही गोठली. भाड्याऐवजी पागडीचा व्यवहार वाढला, तुळया कुजल्या, जिने टेकू लावून उभे राहिले. १९६९मध्ये शासनाला इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. ज्या व्यवस्थेने शेजार टिकवला, तिनेच छप्पर खचवले. आपल्या आठवणींत शेजार राहिला, छप्पर विसरले गेले.

आता साहित्याकडे वळू. पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' १९५८मध्ये प्रसिद्ध झाले. या सनाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. १९५८मध्ये चाळ संपलेली नव्हती. ती अगदी भरलेली होती. गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि संप चोवीस वर्षे दूर होता. तरीही शेवटच्या 'एक चिंतन' या प्रकरणात पुलंचा सूर पालटतो, विनोद दोन पावले मागे सरतो, आणि एका सरत्या गोष्टीकडे पाहावे तसे चाळीकडे पाहिले जाते. म्हणजे वास्तू उभी असतानाच तिचे स्मारक लिहून झाले होते. असे का व्हावे? कारण लिहिणारा आणि वाचणारा वर्ग तोवर निघू लागला होता. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, पार्ले येथे स्वतंत्र संडास-न्हाणीघराचे 'ब्लॉक' आले होते आणि पांढरपेशा कुटुंबांची पावले तिकडे वळली होती. स्वतः पुलंचे बालपणही गिरगावच्या चाळीतले नव्हे, तर जोगेश्वरी आणि पार्ले या उपनगरांतले. चाळीची सर्वांत लाडकी प्रतिमा उपनगराने घडवली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. आठवणीला अंतर लागते.

त्या चाळीतल्या पाट्याही वाचून पाहाव्यात : त्रिलोकेकर, पावशे, कोचरेकर मास्तर, मंगेशराव, रेगे, गुप्ते. ही कारकून-मास्तरांची, काही विशिष्ट जातींच्या आडनावांची चाळ आहे. पुलंनी ती प्रातिनिधिक असल्याचा दावा केलेला नाही. तो दावा नंतरच्या वाचकांनी केला. 'गच्चीसह झालीच पाहिजे'मधली संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेची थट्टा ज्यांना कळते आणि सुखावते, असा तो वाचकवर्ग होता. या पुस्तकातल्या विनोदाला बोचरी धार आहे, पात्रांच्या कोतेपणाची, दिखाऊ संस्कृतिप्रेमाची टवाळी आहे. ती धार पुढे पुसली गेली आणि उरला तो फक्त हळवेपणा. एका उपहासप्रधान ग्रंथाचे स्मरणरंजनाच्या पोथीत रूपांतर कसे झाले, हा आपल्या वाचनाभिरुचीच्या इतिहासातला अभ्यासण्याजोगा विषय आहे.

येथे अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. तेथेही 'जुन्या साध्या कुटुंबजीवना'ची ओढ फार मोठी आहे. नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'साठी १९१६पासून काढलेली मुखपृष्ठे, १९४३मधले त्याचे भरल्या जेवणाच्या टेबलाभोवती जमलेल्या कुटुंबाचे चित्र, १९५७ ते १९६३ या काळातली 'लीव्ह इट टू बीव्हर' ही दूरचित्रवाणी मालिका या सर्वांतून एक आदर्श घर अमेरिकी मनात कायमचे बसले. स्टेफनी कून्ट्झ या इतिहासकार बाईंनी १९९२मध्ये एका ग्रंथात दाखवून दिले, की हे कुटुंब परंपरेतून आलेले नव्हते. ते युद्धोत्तर काळातली एक अपवादात्मक घटना होती. १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना मिळालेले शिक्षण व गृहकर्ज, सरकारी महामार्ग, वाढते पगार यांच्या आधाराने ते उभे राहिले. आणि कृष्णवर्णीयांना त्या नव्या उपनगरांतून बहुतांशी वगळण्यात आले. अमेरिकी माणूस ज्याला आजीआजोबांचे संस्कार म्हणतो त्यामागे सरकारी कर्ज होते. आपण ज्याला चाळसंस्कृती म्हणतो त्यामागे भाडेनियंत्रण होते. दोन्हीकडे शासनाने घडवलेला तीस-चाळीस वर्षांचा एक कालखंड सनातन म्हणून आठवला गेला.

आणि दोन्हीकडे काही माणसे चित्राबाहेर राहिली. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५मध्ये आली तेव्हा मोठे वादळ उठले. त्याच शहरातली, त्याच वस्तीतली पोरे तेथे होती; पण फराळाच्या ताटांऐवजी नाक्यावरची भाषा होती, वखवखलेले रिकामपण होते. त्याआधी १९६३मध्ये बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेने भाड्याच्या खोलीपाशी जात कशी उभी असते हे सांगितले होते. १९७८च्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी मुंबईतला कावाखाना दाखवला. तिथेही दाटी आहे, सामाईक जगणे आहे, माणसांची ऊबही आहे. पण त्या उबेला स्मरणरंजनाच्या आल्बममध्ये जागा मिळाली नाही. 'सगळ्यांची दारे उघडी असत' या वाक्यातले 'सगळे' कोण, हे या तीन पुस्तकांशेजारी 'बटाट्याची चाळ' ठेवून वाचले म्हणजेच कळते. अभ्यासक्रमात ही पुस्तके बहुधा वेगवेगळ्या सत्रांत, 'विनोदी', 'साठोत्तरी', 'दलित' अशा वेगवेगळ्या कप्प्यांत येतात. त्यामुळे ती एकाच शहराबद्दल बोलत आहेत हे विद्यार्थ्याच्या ध्यानी येत नाही.

स्त्रियांचा प्रश्न तर याहून जवळचा. मी ज्या उपनगरी महाविद्यालयात शिकवतो, तेथे विद्यार्थ्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून आणायला सांगतो. आजोबांच्या आठवणी गॅलरीत घडतात : क्रिकेट, पत्त्यांचे डाव, गणपतीची वर्गणी. आजींच्या आठवणी बहुधा नळापाशी सुरू होतात : पहाटे चारचे पाणी, रांगेत लावलेल्या बादल्या, काळोखात संडासाकडे जाताना बरोबर घ्यावी लागणारी जाऊ किंवा नणंद, बाळंतपणात एका खोलीत पडद्याआड काढलेले दिवस. मात्र त्याच आजी शेवटी हेही सांगतात, की त्या रांगेत बोलायला माणूस होते. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. कष्टही खरे आणि सोबतही खरी. चाळीत ज्याला आपण साधे सुख म्हणतो ते पुष्कळदा बायकांच्या बिनहिशेबी श्रमांवर उभे होते. गिरणगावात तर घरोघरच्या खाणावळवाल्या बायका कामगारांचे डबे रांधून संसार चालवीत. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा कुठे त्या कामाला सार्वजनिक नाव मिळाले. आठवणींत पदार्थाची चव टिकते, चुलीपुढचा धूर टिकत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य पूर्वीसारखे परत आत गेलेच नाहीत. गिरणगावातल्या चाळीचा शेवट पांढरपेशांच्या चाळीसारखा बढती-बदलीने झाला नाही. तो उपासमारीने झाला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकातले घर त्याच एका खोलीतले आहे, पण त्या खोलीची दाटी इथे जिव्हाळा निर्माण करत नाही. ती भावंडांना एकमेकांवर आदळते. कामगाराच्या चाळीचे स्मरण रंजन होऊ शकत नाही, याचे ते नाटक म्हणजे ठळक उदाहरण. होफरच्या मूळ शब्दातली वेदना मराठीत परत आणण्याचे काम या लेखकाने केले, असे म्हणावेसे वाटते.

या सर्व प्रवासाचा पुढचा मुक्काम म्हणजे मालाडसारखी उपनगरे. मालाडचे आणि मुंबईचे नाते मोठे गमतीचे आहे. फोर्टमधल्या अनेक भव्य वास्तूंना, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमलाही, मालाडचा पिवळसर दगड लागला आहे. आधी मालाडचा दगड शहरात गेला, आणि मग सावकाश शहर मालाडला आले. १९२८मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली. १९३४मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज येथे उभारली. पण मालाड बृहन्मुंबईच्या हद्दीत आले ते १९५७मध्ये. १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा यांनी मध्यमवर्गीयाला एक नवे घर दिले : तीन-चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, दीड-दोन खोल्या, आतमध्ये संडास आणि बंद होणारे दार. गिरगाव, लालबाग, परळ येथून निघालेली कितीतरी कुटुंबे गोरेगाव, मालाड, कांदिवलीच्या अशा इमारतींत आली. आल्यावर पहिली काही वर्षे ती बंद दाराच्या सुखात होती. हळहळ नंतर सुरू झाली.

पण मालाडात 'चाळ' हा शब्द उच्चारला की आणखीही एक चित्र समोर यायला हवे. पूर्वेला कुरारकडून राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांकडे चढत गेलेल्या, किंवा पश्चिमेला मालवणीत पसरलेल्या बैठ्या चाळी. त्यांना वरचा मजला नाही, गॅलरी नाही, भाडेनियंत्रणाची खात्री नाही. माझ्या वर्गातली अनेक मुले तेथून येतात. त्यांच्यासाठी चाळ ही आठवण नसून आजचा पत्ता आहे. जुलै २०१९मध्ये मुसळधार पावसात मालाड पूर्वेला जलाशयाची भिंत कोसळून टेकडीवरच्या झोपड्यांतली माणसे दगावली. या मुलांसमोर चाळसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल गहिवरून बोलणे हे अध्यापन नव्हे. सामाईक नळावर त्यांची आई आजही उभी असते.

दरम्यान घर आणखी एकदा बदलते आहे. १९७०च्या आसपासच्या त्या सोसायट्या आता जुन्या झाल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले, २००९मध्ये शासनाने सहकारी गृहसंस्थांच्या पुनर्विकासासाठी निर्देश काढले, आणि मालाडच्या गल्ल्यागल्ल्यांतून चारमजली इमारती जाऊन मनोरे उभे राहू लागले. इमारत रिकामी करण्याआधी सभासद जमतात, जिन्यात छायाचित्रे काढतात आणि म्हणतात, 'काय दिवस होते!' ज्या इमारतीने चाळीचे शेजारपण मोडले असे तिच्यावर चाळीस वर्षे दोषारोप झाले, तीच आता जुन्या जिव्हाळ्याचे घर झाली आहे. चाळीत गावासाठी, सोसायटीत चाळीसाठी, मनोऱ्यात सोसायटीसाठी : आपले स्मरणरंजन नेहमी एक घर मागे असते. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० फुटांत राहिलेल्या वस्तीला पाचशे फूट मिळाले याचा आनंद मानायलाच हवा. त्या मनोऱ्यांतूनही काही वर्षांनी बीडीडीच्या गॅलरीचे लेख लिहिले जातील, याबद्दल शंका नको.

मग स्मरणरंजन टाकाऊ समजावे काय? स्वेतलाना बॉइम यांनी २००१च्या आपल्या ग्रंथात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार केले : एक हरवलेले घर जसेच्या तसे उभारू पाहणारा, आणि दुसरा त्या हरवण्याविषयीच विचार करणारा. पहिला प्रकार आपल्याकडे मुबलक आहे. चाळीचा देखावा लावलेली उपाहारगृहे आणि सोहळे त्याचीच रूपे. दुसऱ्याची वाण आहे. चाळीच्या आठवणींकडे दुसऱ्या दृष्टीने पाहिले तर त्या एक फार मोलाची गोष्ट सांगतात. माणसे जवळ आली ती केवळ गरिबीमुळे नव्हे. राहत्या जागेची शाश्वती, परवडणारे भाडे, आणि घर व रस्ता यांच्यामध्ये कोणाच्याही एकट्याच्या मालकीची नसलेली एक जागा, मग ती गॅलरी असो, गच्ची असो की चौक, या तीन गोष्टींमुळे ती जवळ आली. या तिन्ही गोष्टी माणसाच्या स्वभावातल्या नाहीत. त्या कायद्यात, नकाशात आणि धोरणात असतात. म्हणून त्या पुन्हा मागताही येतात.

मनोऱ्याच्या नकाशावर सह्या करताना मोटारींच्या किती जागा मिळणार हे आपण विचारतो. मुलांना आणि म्हाताऱ्यांना विनाकारण बसता येईल अशी जागा कोठे आहे, हे क्वचितच विचारतो. आणि टेकडीवरच्या बैठ्या चाळीला शाश्वती केव्हा मिळणार, हे तर विचारतच नाही. चाळीच्या आठवणींनी ज्यांचे डोळे खरोखर पाणावतात, त्यांनी हे दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?